नकार दिला कोणी?

व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही आणि पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ झळकतं, तेव्हा मुरलेला सिस्टीम अ‍ॅडमिन आधी एवढंच शोधतो, की हा नकार दिला कोणी. सर्व्हरवर नकार देऊ शकणारे अनेक जण असतात आणि संदेश मात्र सगळ्यांचा जवळपास सारखाच.

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमवरचं नेहमीचं प्रकरण घ्या. कोणीतरी डिस्कची इमेज आपल्या होम फोल्डरमध्ये उतरवून घेतो आणि तिथूनच मशीन चालू करायला जातो. फाइल वाचायची मुभा सगळ्यांना असते, तरीही ती उघडत नाही. कारण मशीन त्याच्या नावाने चालतच नाही. फेडोरावर ते ‘क्यूईएमयू’ आणि उबुंटूवर ‘लिबव्हर्ट-क्यूईएमयू’ या वेगळ्याच युजरच्या नावाने चालतं, आणि त्या युजरला होम फोल्डरमध्ये पाऊल टाकता येत नाही. फ्लॅटची किल्ली खिशात आहे, पण सोसायटीच्या गेटवरच अडवलंय, अशी गत. ‘एलएस’ कमांडला ‘एल’ जोडून फाइलचा पत्ता दिला, तर ती त्या फाइलपुरतेच हक्क दाखवते. ‘नेमआय’ला ‘एल’ जोडून तोच पत्ता दिला, की मुळापासूनचा एकेक फोल्डर ओळीने उलगडतो. मालकाच्या ‘आरडब्ल्यूएक्स’पुढे नुसत्या सहा आडव्या रेघा असलेली ओळ दिसली, की गेट सापडलं.

या घटकेला बोटं सगळ्यांना सगळे हक्क देणारा ७७७ हा आकडा टाइप करायला शिवशिवतात. तो मोह आवरलाच पाहिजे. डिस्कच्या एका फाइलमध्ये अख्खा सर्व्हर असतो, त्याचा डेटाबेस आणि पासवर्डसकट. ती सगळ्यांना मोकळी करणं म्हणजे तो सर्व्हरच उघड्यावर टाकणं. शिवाय अनेकदा त्याने काम होतही नाही. रेड हॅटच्या सिस्टीमवर फाइलच्या हक्कांपलीकडे एसईलिनक्सचा वेगळा पहारा असतो. मशीन चालवणारं लिबव्हर्ट प्रत्येक मशीनला आणि त्याच्या डिस्कला जुळणारं लेबल लावतं, म्हणजे एका मशीनमधून निसटलेला हल्लेखोर शेजारच्या डिस्कला हात लावू शकत नाही. हे लेबल ७७७ला जुमानत नाही. ऑडिट लॉगमधली या नकाराची ‘एव्हीसी’ नोंद वाचली, तर कोणाला, कशासाठी अडवलं हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

व्हर्च्युअल मशीन चालवणारी दुसरी यंत्रणा म्हणजे ईएसएक्सआय. तिच्या ७व्या आवृत्तीवर कधी कधी अचूक पासवर्डही चालत नाही. रूटसाठी पाच वेळा चुकीचा पासवर्ड गेला, की ते खातं पंधरा मिनिटं बंद होतं. देखरेखीच्या एखाद्या टूलमध्ये जुना पासवर्ड राहिला असेल, तर ते पुन्हा पुन्हा दार ठोठावतं आणि कुलूप उघडतच नाही. अशा वेळी सर्व्हरच्या कन्सोलवर आत जाता येतं, कारण ही बंदी तिथे लागू नसते. लॉगमध्ये ‘९०० सेकंदांसाठी बंद’ अशी नोंदही मिळते.

नकाराइतकाच होकारही तपासायला हवा. जुलै २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने एक धक्कादायक गोष्ट उघड केली. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेला ईएसएक्सआय ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाच्या गटातल्या सगळ्यांना पूर्ण अधिकार देत होता, आणि असा गट डोमेनमध्ये मुळात नसायचाच. डोमेनमध्ये पुरेसे हक्क मिळवलेल्या खंडणीखोर टोळ्यांनी त्या नावाचा गट तयार केला, स्वतःची खाती त्यात घातली आणि होस्टचा ताबा घेतला. त्यासाठी ईएसएक्सआयचा पासवर्ड फोडावा लागला नाही. ही त्रुटी ८.० अपडेट ३मध्ये दुरुस्त झाली. ज्यांना ते अपडेट लावता येत नाही, त्यांनी त्या गटाला आपोआप अधिकार देणारी सेटिंग आजच बंद करावी.