नूह (अ.) यांची नौका आणि सातपाटीचा किनारा

पालघरच्या आमच्या घरी इशाच्या नमाजनंतर मी मुलाला रोज थोडं कुरआनचं भाषांतर वाचून दाखवते. मागच्या पावसाळ्यात सूरह हूद सुरू होती. हजरत नूह (अ.) यांची नौका, खालून उसळणारं पाणी, डोंगराएवढ्या लाटा. आठवीतला माझा मुलगा मधेच म्हणाला, "अम्मी, जगातले सगळे प्राणी एका नौकेत मावले कसे? आणि डोंगर बुडवायला एवढं पाणी आलं कुठून?"

वर्गात दिवसभर मुलांना "विचारा, विचारा" म्हणणारी मी शिक्षिका. पण त्या वेळी तोंडून निघालं, "अल्लाहच्या गोष्टीत असले प्रश्न विचारू नयेत." तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीही गप्पच. आठवडाभर तो नुसता ऐकत राहिला आणि मला त्या गप्प बसण्याची भीती वाटू लागली. प्रश्न संपला नव्हता, फक्त माझ्यापासून दूर गेला होता.

रविवारी माहेरी तारापूरला जायचं होतं. म्हटलं, आधी सातपाटीला जाऊ. पालघर स्टेशनहून रिक्षाने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत पाणी तुंबलेलं, भाताची आवणी चाललेली. मासेमारीबंदीचे दिवस असल्यामुळे सातपाटीला होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. एका लाकडी होडीची डागडुजी करणारे वयस्कर सुतारकाका भेटले. मुलाला म्हटलं, "विचार यांना."

काकांनी हातातली हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "होडी लांब केली की ती लाटेवर वाकते, पोरा. मधे लाट आली की दोन्ही टोकं खाली जातात, टोकांना लाट आली की मधला भाग खाली जातो. मग फळ्यांचे सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. लाकडाला मर्यादा असते."

काका बोलले ते खरंच आहे. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेलं 'वायोमिंग' हे जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी जहाजांपैकी एक. त्याचं डेक सुमारे ३५० फूट लांब होतं. लोखंडी पट्ट्यांनी जखडूनही ते लाटांवर वाकायचं, आत शिरलेलं पाणी सतत पंपाने उपसावं लागायचं. १९२४ मध्ये ते सर्व खलाशांसह बुडालं. बायबलमध्ये नूह (अ.) यांच्या नौकेची लांबी ३०० हात, म्हणजे सुमारे साडेचारशे फूट दिली आहे. नौका अशक्य होती असं म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हे माप आहे.

पण कुरआनमध्ये हे माप नाही. तिथे एवढाच उल्लेख आहे की ती फळ्यांची आणि खिळ्यांची होती. समोरच्या होडीकडे बघत मी मुलाला म्हटलं, "बघ, या दोन्ही वस्तू इथे पडल्या आहेत." आठवड्यानंतर तो पहिल्यांदा हसला. "पण प्राणी?" त्याने लगेच विचारलं. हुकूम प्रत्येक जातीची जोडी घेण्याचा आहे. त्या 'प्रत्येक'चा अर्थ पृथ्वीवरचा प्रत्येक जीव, की त्या कौमच्या भोवतालचे आणि पुढच्या जगण्याला लागणारे, यावर तफसीर लिहिणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत.

पालघरला परतून गाडी पकडली. उमरोळी, मग बोईसर. स्टेशनवर माझा धाकटा भाऊ न्यायला आला होता. तो तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तारापूरच्या वाटेवर रिक्षात भाच्याने मामूला पाण्याचा प्रश्न विचारला. भावाने हिशेबच मांडला. हवेतली सगळी वाफ एकदम पाऊस होऊन पडली, तर पृथ्वीवर सरासरी जेमतेम अडीच सेंटीमीटर पाणी साचेल. जगातला सगळा बर्फ वितळला, तरी समुद्र साधारण सत्तर मीटर वर येईल. त्यात पालघरजवळचा काळदुर्गसुद्धा बुडणार नाही. एव्हरेस्ट तर ८,८४९ मीटर. म्हणजे साऱ्या पृथ्वीचे डोंगर एकाच वेळी बुडाले, याला निसर्गाच्या नेहमीच्या नियमांत जागा नाही.

"मग गोष्ट खोटी?" मुलाने विचारलं. मामू म्हणाला, "सगळी पृथ्वी बुडणं वेगळं आणि एक मुलूख बुडणं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसात मुंबईची काय दशा झाली ते आम्ही पाहिलं आहे. दजला आणि फुरात या नद्यांमधला मुलूख सपाट आहे. तिथल्या जुन्या शहरांच्या उत्खननात पुराच्या गाळाचे थर सापडले आहेत." सगळे थर एकाच पुराचे नाहीत, हेही त्याने सांगितलं. त्या मुलखातल्या मातीच्या विटांवर महापुराची कथा लिहिलेली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये ती वाचली. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही मनू आणि माशाची कथा आहे. नौका जिथे टेकली त्या जूदी पर्वताची जागा परंपरेने दजलाच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या तुर्कस्तानात मानली जाते.

माहेरी जेवताना वाद पुन्हा पेटला. माझे अब्बा म्हणाले, "सगळी दुनिया बुडाली. नूह (अ.) यांनी दुआच तशी केली होती, की जमिनीवर एकही इन्कार करणारा ठेवू नकोस. अल्लाहकडे पाणी कमी आहे का?" भाऊ म्हणाला, "अब्बा, ते आपल्या कौमकडे पाठवलेले होते. जमीन म्हणजे त्या कौमची जमीन असंही काही आलिम म्हणतात." दोघांनीही माघार घेतली नाही. मला मात्र बरं वाटलं, कारण मुलगा दोघांच्या मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत प्रश्न विचारत होता. त्याला कुणीही "तौबा कर" म्हटलं नाही.

असरनंतर आम्ही किनाऱ्यावर गेलो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, समुद्राच्याच पाण्याने ते यंत्रं थंड करतं. भाऊ सांगत होता, अशा ठिकाणी न पाहिलेल्या लाटेचाही हिशेब करावा लागतो. १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. मला कुरआनमधले ते सरदार आठवले. नौका बांधली जात असताना येता-जाता ते हसत होते. पाणी येण्याआधी तयारी करणारा माणूस तेव्हा वेडा ठरला. आज आपण त्यालाच शहाणा म्हणतो.

वाचक भगिनींनो, आपल्या मुलांना मी आता दोन्ही गोष्टी सांगते. विज्ञानाचा हिशेब खरा आहे, तो लपवायचा नाही. जिथे आपण मोजिजा मानतो, तिथे स्पष्ट म्हणायचं की हा मोजिजा आहे, त्याला ओढूनताणून विज्ञान म्हणायचं नाही. आणि जे कुरआनने सांगितलेलंच नाही, त्याचं ओझं मुलांच्या ईमानवर टाकायचं नाही. साडेनऊशे वर्षं समजावणाऱ्या पैगंबराचं थोड्याच लोकांनी ऐकलं. आपण तर पाच मिनिटांत चिडतो.

परतीच्या गाडीत बाहेर अंधार आणि पाऊस होता. मुलगा खिडकीला डोकं टेकून बसला होता. झोपला असं वाटलं, तेवढ्यात म्हणाला, "अम्मी, नूह (अ.) यांचा मुलगा डोंगरावर चढून वाचेन म्हणाला. बापाने हाक मारली तरी नौकेत आला नाही. त्याला आधी कधी घरात कुणी गप्प केलं असेल का?"

मी म्हटलं, "कुरआनने ते सांगितलेलं नाही, बाळा. पण बापाने शेवटपर्यंत हाक मारली, एवढं सांगितलं आहे." पालघर येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसले होते.