राजघराण्याचा शेवटचा पत्ता

शुक्रवारी संध्याकाळी चेंबूरच्या मैत्री पार्क स्टॉपवर उभं राहिलं की अख्खी मुंबई पळून चाललीय असं वाटतं. पाठीवर सॅक, कानात इयरफोन, आणि डोळे पुण्या-साताऱ्याच्या बसकडे. महाबळेश्वर, पाचगणी, कास ही नावं तर आता तोंडपाठच झालीत. पण साताऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेलं संगम माहुली कुणाच्या प्लॅनमध्ये सहसा नसतं. साहजिकच आहे म्हणा. वीकेंडला स्मशानात कोण जाईल?

मीही फिरायला म्हणून गेले नव्हते. आम्ही गेलो ते आजीच्या अस्थी घेऊन. आजी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन टिळक नगरात आली आणि उरलेलं सगळं आयुष्य तिने तिथेच काढलं. पण ‘शेवटी मला माहुलीलाच न्या’ हे तिने बाबांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

माहुलीला वेण्णा नदी कृष्णेला मिळते. दोन्ही काठांवर दगडी घाट आणि जुनी देवळं आहेत. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. अलीकडचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735च्या सुमारास बांधलं. पलीकडचं गाव रामशास्त्री प्रभुण्यांचं, म्हणजे राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सुनावणाऱ्या न्यायाधीशांचं. आणि या दोन काठांच्या मधे सातारच्या राजघराण्याचा शेवटचा पत्ता.

छत्रपती शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला साताऱ्यात गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथेच झाले. त्यांच्याबरोबर राणी सकवारबाई सती गेल्या. ‘गेल्या’ म्हणायचं, पण राजकारणातला अडसर दूर व्हावा म्हणून त्यांना जायला भाग पाडलं, असं इतिहासकार सांगतात. घाटावर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो.

इथे सगळ्यात फेमस समाधी कुणाची आहे माहितेय? एका कुत्र्याची! खंड्या त्याचं नाव. शिकारीत वाघाच्या तावडीतून त्याने शाहू महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली अशी कथा आहे. त्याची दगडी मूर्ती लोक आवर्जून दाखवतात. आम्हालाही दाखवली.

‘आणि ताराबाईंची?’ मी विचारलं. उत्तर यायला जरा वेळ लागला.

ताराबाई म्हणजे हंबीरराव मोहित्यांची मुलगी, राजाराम महाराजांची राणी. 1700 मध्ये नवरा गेला तेव्हा वय पंचविशीचं. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या आसपास. त्या वयात तिने औरंगजेबासमोर मराठी राज्य उभं ठेवलं. 1707 मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच मेला, ही मात्र जगली. पानिपत झालं त्याच वर्षी, 1761 च्या डिसेंबरमध्ये ती साताऱ्यात गेली. तिची समाधी इथेच, माहुलीला. पूर आणि पडझड झेलत ती वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिली, आणि इतिहासप्रेमींना तिच्यासाठी पुन्हा पुन्हा आवाज उठवावा लागला.

येसूबाईंचं तर त्याहून वाईट. संभाजी महाराजांची ही राणी रायगड पडल्यावर 1689 मध्ये मोगलांच्या कैदेत गेली आणि 1719 मध्ये परतली. जवळपास तीस वर्षं! तिची समाधी माहुलीत नेमकी कुठे, हे अभ्यासकांना जुनी कागदपत्रं चाळून अगदी अलीकडे शोधून काढावं लागलं. कुत्र्याची समाधी सगळ्या गावाला पाठ, आणि महाराणीची मात्र शोधावी लागते. खंड्यावर माझा काही राग नाही, पण हे खटकतंच.

मध्यंतरी एका ट्रॅव्हल लेखासाठी सर्बियाबद्दल वाचत होते. तिथल्या काराजॉर्जेविच राजघराण्याने बेलग्रेडच्या दक्षिणेला टोपोला गावाजवळ, ओप्लेनात्स टेकडीवर, खास आपल्या घराण्यासाठी चर्च बांधलंय. राजा पीटर पहिला याने 1910 मध्ये काम सुरू केलं, ते 1930 मध्ये पुरं झालं. बाहेरून पांढरा संगमरवर, आत काचेच्या कोट्यवधी तुकड्यांचं मोझेक, तळघरात कबरी, भोवती द्राक्षांचे मळे. दुसऱ्या महायुद्धानंतर राजेपद गेलं. शेवटचा राजा पीटर दुसरा 1970 मध्ये अमेरिकेत वारला आणि तिथेच पुरला गेला. 2013 मध्ये त्याला, त्याच्या राणीला आणि आईला मायदेशी आणून ओप्लेनात्सला पुन्हा दफन केलं. अख्खं कुटुंब एका छपराखाली.

आपल्याकडे असं एक छप्पर कधीच नव्हतं. शहाजीराजांची समाधी कर्नाटकात होदिगेरेला, जिजाऊंची पाचाडला, शिवाजी महाराजांची रायगडावर, संभाजी महाराजांची वढूला, राजाराम महाराजांची सिंहगडावर. जो जिथे गेला, तिथेच त्याचा दगड. कोल्हापूरचे राजाराम महाराज तर इंग्लंडहून परतताना 1870 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी थेट फ्लॉरेन्सला गेले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. त्यांची छत्री आजही तिथल्या बागेत आहे, आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक चक्क ‘इंडियानो’ म्हणतात.

त्यात आपण दहन करणारे. कबरीत निदान माणूस तरी असतो. आपल्याकडे राख नदी घेऊन जाते आणि मागे उरतो एक दगड. तो कुणाचा हे कुणी सांगितलं तरच ती समाधी, नाहीतर नुसता दगड. मोझेक असो वा नसो, सांगणारं माणूस लागतंच.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, ‘माझं काही इथपर्यंत आणत बसू नका. चरईला करा आणि मोकळे व्हा.’ साताऱ्यात आता आमचं कुणी नाही. टिळक नगरातली आजीची बिल्डिंगही रिडेव्हलपमेंटला गेली, त्या जागी टॉवर आला. राजांनाच एक जागा मिळाली नाही, तिथे आम्ही कोण? पण आजीने माहुली का मागितली ते मला त्या दिवशी कळलं. त्या निमित्ताने का होईना, तिची माणसं एकदा तिच्या गावी येतील, एवढाच तिचा हिशोब होता.

तेव्हा पुढच्या वेळी कासला जाताना एक तास काढा. पावसाळा सोडून जा, नदीला पाणी कमी असतं. खंड्याला जरूर भेटा. पण घाटावर जो कुणी भेटेल त्याला एवढं विचाराच, ‘ताराबाईंची समाधी कुठेय? आणि येसूबाईंची?’ विचारणारे वाढले, की दाखवणारेही तयार होतात.