टणटणीचे मूळ

चर्चमागील जमिनीवर टणटणीचे रान माजले होते. उपवासकाळापूर्वी ते साफ करावे, म्हणून मी धर्मग्रामातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मागितला. प्रश्न होता, त्याला कोणते अवजार जोडावे? त्यांच्याकडे रोटाव्हेटर होता. पण तो माती भुसभुशीत करण्यासाठी. चिवट फांद्या त्याच्या पात्यांभोवती गुंडाळल्या जातात. लाकडाचा भुगा करणाऱ्या मोठ्या मल्चरला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरला नसता. तेव्हा पीटीओवर फिरणारा स्लॅशर भाड्याने आणण्याचे मी ठरवले.

"फादर, पण मुळांचे काय?" ते म्हणाले. "ते मी पाहीन," असे म्हणून मी चारचौघांत त्यांचे बोलणे तोडले.

एका सकाळीच रान भुईसपाट झाले. मी कृतार्थ झालो. पहिल्या पावसानंतर मात्र प्रत्येक बुंध्यातून नवे कोंब फुटले.

ते आले. दोषाचा एक शब्दही न उच्चारता त्यांनी कुदळ माझ्या हाती दिली आणि खोड व मूळ जुळते तेथे, मातीखाली, घाव कसा घालावा हे दाखवले. गुडघे टेकून माती सारताना मला माझी पापनिवेदने आठवली. रागाच्या फांद्या मी दरवर्षी छाटल्या होत्या. त्याखालच्या अहंकाराला कधी हात लावला नव्हता.

तेथेच मी त्यांची क्षमा मागितली. ते हसले आणि पुढच्या बुंध्याकडे बोट दाखवले.

कुदळ मी अजून परत केलेली नाही. दर पावसाळ्यात एखाददुसरा कोंब दिसतोच.