दोन नावांचे स्टेशन

म्युनिकला मुलाकडे गेलो की पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात आणि मग आम्हां उभयतांना दिवस मोठे वाटू लागतात. गेल्या सप्टेंबरच्या आरंभी तसेच झाले, तेव्हा सूनबाईंनीच रेल्वेची तिकिटे काढून हाती ठेवली. दोन रात्री इन्सब्रुक, दोन रात्री बोल्झानो. आणि शाळा उघडायची होती म्हणून दुभाषी म्हणून नऊ वर्षांची नात सोबत. तिला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. देवनागरी तिला वाचता येत नाही. हे वाक्य लिहिताना बरे वाटत नाही, पण पुढचे सारे त्याच्याशी निगडित आहे.

इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरचा पूल. जुन्या पेठेत सम्राट माक्सिमिलियनचा सज्जा आहे. त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे २६५७ पत्रे, इ. स. १५०० चे काम. नात मोजू लागली आणि सत्तराच्या आसपास कंटाळली. आमचे मन रमले ते दरबारी चर्चमध्ये. तेथे त्याच सम्राटाच्या थडग्याभोवती माणसाहून मोठे २८ काळेभोर पुतळे पहाऱ्याला उभे आहेत. ते त्याचे पूर्वज व नातलग. कथेतला राजा आर्थरही त्यांत आणून बसवला आहे. आपल्याकडे वंशावळ भिंतीवर टांगतात, याने ती धातूत ओतवली. गंमत अशी की थडगे रिकामे आहे. सम्राटाला पुरले दूर वीनर नॉयश्टाट येथे. दाराजवळ आंद्रेआस होफर विसावला आहे. हा साधा खानावळवाला. १८०९ साली बव्हेरियन व फ्रेंच सत्तेविरुद्ध त्याने तिरोल उठवले, आणि १८१० मध्ये मांतुआ येथे त्याला गोळी घातली गेली. त्याचे जन्मगाव खिंडीपलीकडचे. आज कबर ऑस्ट्रियात आणि घर इटलीत.

ती खिंड म्हणजे ब्रेनर. १८६७ साली सुरू झालेला लोहमार्ग माथ्यावर बोगद्यात न शिरता सुमारे १३७० मीटर उंचीवरून उघड्यावरच ओलांडून जातो. (आता खाली पंचावन्न किलोमीटरचा बोगदा खणणे चालू आहे. तो झाला की ही चढण गाडीतून कोण पाहणार?) इन्सब्रुकहून बोल्झानो दोन तासांचे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने, सरहद्द या माथ्यावर आली आणि दक्षिणेकडील जर्मनभाषक इटलीत गेले. तेव्हापासून आजवरचे सारे त्या स्टेशनच्या पाटीवर आहे : ब्रेनेरो, ब्रेनर. पुढे प्रत्येक स्टेशनला अशीच दोन नावे. नातीने विचारले, “आजोबा, यातले खरे कुठले?”

आमच्यापैकी एक बेळगावचा, दुसरीचे माहेर इंदूरचे. बेळगावकराने ताबडतोब उत्तर दिले, “आधीचे असेल ते खरे.” १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या आणि २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालेल्या गावचा माणूस दुसरे काय सांगणार?

बोल्झानोत त्याला पुरावे भरपूर मिळाले. चौकात मध्ययुगीन जर्मन कवी वाल्टर फोन डेर फोगेलवाइडे याचा १८८९ सालचा पुतळा आहे. फॅसिस्ट राजवटीने १९३५ मध्ये तो बागेत हलवला, तो १९८१ साली परतला. नदीपलीकडे १९२८ चे विजयस्मारक. इतरांना आम्ही भाषा, कायदे व कला शिकवल्या, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरलेले आहे. स्मारक पाडले नाही; २०१४ साली त्याच्याच पोटात त्या काळाचे प्रदर्शन मांडले, हे आम्हां दोघांनाही शहाणपणाचे वाटले. १९२३ पासून जर्मन शाळा बंद करीत नेल्या, तेव्हा गोठ्यांत, माळ्यांवर गुप्त वर्ग भरत. शिकवणाऱ्या बहुधा तरुण मुली. पकडल्या गेल्यास तुरुंग नाहीतर हद्दपारी. १९३९ मध्ये तर लोकांना विचारले गेले की भाषा ठेवायची की गाव? सुमारे पंचाहत्तर हजार लोक गाव सोडून गेले. बेळगावकर बराच वेळ बोलला नाही.

रात्री उतारघराची मालकीण नातीशी जर्मनमधून गप्पा मारीत होती. बाई इटालियन. आजोबा व्हेनेतोहून १९३०च्या दशकात नव्या कारखान्यांत कामाला आले; बाईंचा जन्म इथला, वडिलांचाही. दोन्ही भाषा शाळेत सक्तीच्या, म्हणून जर्मन येते. साऱ्या प्रांतात जर्मनभाषक दोन तृतीयांश असले, तरी या शहरात इटालियनच अधिक. “मला कुणी परत जा म्हटले, तर मी कुठे जाऊ?” असे ती हसत म्हणाल्याचे नातीने सांगितले. इंदूरकरीण म्हणाली, “अगदी बरोबर. माझ्या पणजोबांना होळकरांनी नेले, मग मी उपरी का?” बेळगावकर म्हणाला, “तुम्ही कुणाच्या शाळा बंद केल्या नाहीत.” ती म्हणाली, “या बाईनेही नाही.” हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात ओट्झी पाहिला. बर्फात सापडलेला ५३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस उणे सहा अंशांत ठेवला आहे, छोट्या खिडकीतून दिसतो. १९९१ साली तो सापडला आणि इन्सब्रुकला नेला गेला; मोजणीत सरहद्दीच्या आत, इटलीकडे, ९२ मीटरवर निघाला, म्हणून १९९८ मध्ये बोल्झानोला आला. आमचाच मार्ग! नातीने विचारले की तो कुठली भाषा बोलत असे. कुणालाच ठाऊक नाही, असे म्हटल्यावर ती खिडकीपासून हलेना. “त्याच्या नातवंडांनाही नाही?” तिने विचारले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळले.

परतीच्या गाडीत तिने वही काढली आणि स्टेशनांची नावे ‘तुमच्या अक्षरांत’ लिहून मागितली. ‘तुमच्या’ या शब्दाला आजीने हरकत घेतली नाही, पेन्सिल घेतली. ब्रिक्सन लगेच जमले. पुढच्या फ्रान्झेन्सफेस्टेची जोडाक्षरे पाहून पोरीने इटालियन नाव निवडले, फोर्तेत्सा. बेळगावकराने तोंड वाकडे केले. ब्रेनर आले तेव्हा ‘त्स’ अजून जुळत नव्हता, आणि वहीचे तिसरे पान चालू होते.