मलिक अंबर आणि माझ्या वर्गातली एक हाक



आज माझीच एक चूक सांगते. आपल्या पाचगणीत बोर्डिंग शाळा भरपूर, त्यामुळे बाजारात देशोदेशीची मुलं दिसतात, आफ्रिकेतलीसुद्धा. एकदा चौथीच्या वर्गात एका काळ्यासावळ्या मुलाला दुसऱ्यानं हाक मारली, "ए हबशी!" वर्ग हसला. मी "गप्प बसा रे" म्हणून फळ्याकडे वळले. तो मुलगा मात्र दिवसभर मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी शहाजीराजांबद्दल शिकवताना मी मलिक अंबरावर थांबले. विचारलं, "हबशी म्हणजे काय, माहीत आहे?" कुणालाच नव्हतं. हबशी म्हणजे हबसाणातला, आजच्या इथिओपियातला माणूस. नकाशावर देश दाखवला आणि गोष्ट सुरू केली.

अंबरचा जन्म तिथला, 1548 च्या सुमाराचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत आला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा यानंच निजामशाही वंशातल्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि मरेपर्यंत राज्य राखलं. गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं. जहांगीर बादशहाला तो इतका सलत होता, की अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्यानं काढून घेतलं! प्रत्यक्षात ते कधी जमलं नाही. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्याच बाजूनं लढले.

त्यानं जमिनीची प्रतवारी करून शेतसारा ठरवला. 1610 मध्ये खडकी शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं जमिनीखालून नहर काढून पाणी खेळवलं. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

"बाई, म्हणजे तो राजा होता?" चिडवणाऱ्यानंच विचारलं.

"राजा नव्हता रे, वजीर होता. पण राजाला गादीवर बसवणारा!"

मग सगळ्यांसमोर मी त्या मुलाची माफी मागितली. काल मी त्याच्या बाजूनं बोलायला हवं होतं. वर्गाला एवढंच सांगितलं, अंबर थोर होता म्हणून नव्हे, तर कुणालाच रंगावरून हाक मारायची नाही. तो वजीर असो, नाहीतर आपल्या बाकावरचा मित्र.

तुम्हीही हा भाग शिकवाल तेव्हा अंबरच्या नावापाशी दहा मिनिटं थांबा. आणि पालकहो, घरात रंगावरून थट्टा होते का, तेही बघा. मुलं शब्द तिथूनच उचलतात.