आल्तिनो ते बारडोली

बारडोली म्हटले की आपल्याला शाळेच्या इतिहासातला १९२८ चा सत्याग्रह आठवतो आणि वल्लभभाईंना मिळालेली 'सरदार' ही पदवी. मला मात्र आधी बहिणीचे घर आठवते. मेहुणे तिथे नोकरीला आहेत, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक फेरी होते. गेल्या डिसेंबरात आठ दिवस राहून आलो. उसाचा हंगाम होता. रस्त्यावर उसाने लादलेल्या गाड्या, शेतात नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या, आणि एरवी कुलूपबंद असलेले पाटीदारांचे बंगले अमेरिका-इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांनी गजबजलेले. बहिणीने पहिल्याच दिवशी पात्रा केल्या. पात्रा म्हणजे आपल्या अळवड्याच, फक्त अंमळ गोड.

भाचा मात्र जेवणापुरता खोलीबाहेर यायचा आणि मान खाली घालून परत जायचा. अकरावीत आहे. दहावीपर्यंत गुजराती माध्यम, आता इंग्रजी. वर्गातल्या निम्म्या मुलांचे काका-मामा अमेरिकेत, त्यामुळे यालाही तिथल्या कॉलेजात जायचे आहे आणि त्यासाठी 'सॅट' नावाची परीक्षा द्यायची आहे. गणितात पोरगा पक्का. इंग्रजीच्या सराव परीक्षेत मात्र तीनदा आपटला. "मामा, माझं डोकंच नाही त्यात," एवढेच तो मला बोलला. बहिणीने डोळ्यांनी खुणावले, विषय वाढवू नकोस म्हणून.

टेबलावर बॅरन्सची ती प्रसिद्ध ३५०० शब्दांची यादी होती. खरे तर ही यादी आता जुनी झाली आहे. सॅटमधून शब्दांच्या जोड्या लावायचे प्रश्न २००५ साली गेले, गाळलेल्या जागा २०१६ मध्ये गेल्या, आणि २०२३ पासून आपल्याकडे परीक्षा संगणकावर होते. एक लहानसा उतारा असतो आणि तिथे शब्दाचा अर्थ काय, तो विचारतात. पण क्लासवाल्यांना हे कोण सांगणार? त्यांनी रोज पन्नास शब्द पाठ करायला दिले होते.

मी सहज विचारले, "अबेट म्हणजे काय रे?" त्याने घडाघडा सांगितले, "टू सबसाइड." "आणि सबसाइड म्हणजे?" गप्प. मी म्हटले, ओसरणे. तेही कळले नाही. मराठी घरात बोलतो, पण ते 'जेवायला ये, पंखा बंद कर' एवढेच. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "ओसरवुं! पूरनां पाणी ओसर्यां!" तापीच्या पुराच्या गोष्टी ऐकतच तो वाढलेला, शब्द डोक्यात होताच. इंग्रजी शब्दावर इंग्रजी शब्द रचून त्याने तो खाली पुरून टाकला होता.

रात्री गोव्याला फोन लावला आणि बाबांना ही गंमत सांगितली. बाबा ऐंशीचे आहेत. मुक्ती झाली तेव्हा ते पणजीला आल्तिनोवरच्या लिसेवात शिकत होते, सोळा वर्षांचे. आदल्या महिन्यापर्यंत पोर्तुगीज ही शहाण्यांची भाषा. महिनाभरात तिला कुणी विचारीना. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघाले, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली आणि शिकवणे इंग्रजीतून. बाबांनी दोन वर्षे शिकवणी लावून इंग्रजी गिळले, मग प्रवेश मिळाला. हा काळ त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितला नव्हता. नातवाला सांगितला. मी फोन स्पीकरवर ठेवून नुसता ऐकत होतो.

"अरे, कठीण शब्द मला कठीण नव्हतेच," बाबा म्हणाले. "सकर म्हणजे मदत. पर्वरीजवळचे आपले सुकूर आहे ना, ते सोकोर्रू, तेच हे. टार्डी म्हणजे उशीर करणारा. आम्ही दुपारी 'बोआ तार्द' म्हणायचो, तार्द म्हणजे उशीरसुद्धा. एक्स्क्रुशिएटिंगमध्ये सांताक्रुझचा क्रूस आहे. पणजीतली बोक द व्हाकची झर माहीत आहे तुला? व्हाक म्हणजे गाय, त्यातून व्हॅक्सिन." भाचा वहीत लिहीत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने मान वर केली होती.

पण बाबांची पुढची गोष्ट वेगळी होती. ओळखीच्या शब्दानेच त्यांचा घात केला. सर्दी झाली म्हणून शिकवणीला आले नाहीत आणि मास्तरांना इंग्रजीत चिठ्ठी पाठवली. पोर्तुगीजमध्ये सर्दी झालेला तो 'कोन्स्तिपादो'. इंग्रजीत त्याचा अर्थ बद्धकोष्ठ झालेला! मास्तरांनी चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. बाबा त्यानंतर महिनाभर वर्गात तोंड उघडत नव्हते. "माझंही डोकंच नाही, असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. इकडे भाचा हसता हसता थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून माझ्याबरोबर स्वराज आश्रमात आला. तिथल्या संग्रहालयात फिरताना मी त्याला महादेवभाई देसाईंविषयी सांगितले. तेही याच सुरत जिल्ह्यात, सरस गावी जन्मलेले, मातृभाषा गुजराती. सत्याग्रहाची हकिगत त्यांनी इंग्रजीत लिहिली. पुस्तक १९२९ साली निघाले. मग यादीतला एक शब्द काढला: एन्हान्स. त्याचे पाठांतर तयार होते, "वाढवणे, अधिक चांगले करणे." मी म्हटले, इथल्या शेतकऱ्यांना विचारले असतेस तर वेगळे सांगितले असते. सरकारी भाषेत शेतसाऱ्याच्या वाढीला एन्हान्समेंट म्हणत, आणि ती होती २२ टक्के. सारा भरला नाही की जमीन फॉर्फीट. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी चौकशी केली, तेव्हा वाढ सुमारे ६ टक्केच ठरली. फॉर्फीट हाही शब्द त्याच्या यादीत होता. त्याने वहीत त्यापुढे इंग्रजी अर्थ खोडून 'जप्त' लिहिले.

संध्याकाळी त्याने स्वतःच आजोबांना फोन लावून एन्हान्स विचारला. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्या मुळाशी लॅटिन आल्तुस. उंच. आमची शाळा होती ते आल्तिनो, तेही तेच." सारावाढीचा शब्द आणि बाबांच्या शाळेची टेकडी एकाच कुळातली, हे मलाही माहीत नव्हते.

त्याच फोनवर बाबांनी नातवाला एक काम सांगितले. लॅटिनातून आलेले मोठे शब्द त्यांना कधी अडले नाहीत. इंग्रजांच्या घरगुती लहान शब्दांनी मात्र जन्मभर छळले. पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप, सगळीकडे पुट आणि प्रत्येक वेळी निराळे. "ते पुट अप विथ मला अजून नीट कळलेलं नाही. तू सांग."

भाच्याने खुर्ची ओढली, क्षणभर विचार केला.

"निभावून घेणं, आजोबा. मामा आलाय ना आमच्याकडे आठ दिवस, तसं."