सौंदडची ठकी

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंदड हें लहानसें स्थानक आहे. पूर्वीं येथून अरुंद रुळांची गाडी धांवे; आतां मार्ग रुंद झाला आहे. भंडाऱ्यापासून १९९९ सालीं निराळ्या झालेल्या या गोंदिया जिल्ह्यांत प्रवासी येतो तो बहुधा नवेगांवबांधचा तलाव पाहावयास. सौंदडास मुद्दाम कोणी उतरत नाहीं. आम्ही उतरलों तें एका स्नेह्यांच्या घरच्या जलरंगांतील चित्राकरितां.

चित्र वीतभर उंचीचें, आणि विषय म्हणाल तर एक ठकी! वडील पिढीच्या वाचकभगिनींस तिची ओळख करून देणें नलगे. एकाच लांकडांतून कोरलेली, हात अंगास चिकटलेले, डोळे टपोरे. सावंतवाडीच्या रंगीत लांकडी खेळण्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. तेथील ही ठकी या घरच्या आजींच्या भातुकलीबरोबर कोंकणांतून थेट झाडीपट्टींत आली. पुढें तिला वाळवीनें खाल्लें. सुदैवानें त्यापूर्वींच आजींच्या धाकट्या दिरांनीं तिचें हें चित्र काढून ठेविलें होतें.

ठकीच्या कपाळावरील उजेड म्हणजे निव्वळ कोरा कागद आहे. पांढऱ्या रंगाचा टिपकाहि नाहीं. तैलरंगांत चुकीवर दुसरा थर देतां येतो. जलरंगांत उजेड आधींच राखून ठेवावा लागतो. सावंतवाडींतच जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांनीं रंगविलेली, हातीं दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस या माध्यमाची शक्ति ठाऊकच आहे. आमचे हे चित्रकार अर्थातच त्या पंक्तींतले नव्हेत. मागची भिंत अंमळ मातकट झाली आहे, सावली दोनदां घासलेली दिसते. पण ठकीच्या नाकाचा टवका उडालेला होता, तो त्यांनीं बुजविला नाहीं! घरांतील किती बाळांचे दांत त्या नाकावर आले असतील कोण जाणे.

सध्यां या घरांत वांटण्यांचा विचार चालू आहे. भांडीं मोजून वांटतां येतात, चित्राचें काय करावें? धाकट्या सूनबाई म्हणत, ठकीचें विटलेलें लुगडें कोणा चित्रकाराकडून पुन्हां रंगवून घ्यावें. थोरल्यांस तें मान्य नव्हतें. आमचें मत विचारलें, तेव्हां आम्ही स्पष्ट सांगितलें कीं, नवा रंग चढविला म्हणजे चित्र नवें होईल, परंतु तें दिरांच्या हातचें राहणार नाहीं. उन्हानें उडालेला किरमिजी रंग परत येत नसतो. चित्र उन्हाच्या भिंतीवरून हलवावें, आणि कागद कांचेस चिकटूं नये म्हणून मध्यें पुठ्ठ्याची चौकट घालावी. इकडच्या पावसाळ्यांत ओल फार.

आजींनीं सर्व ऐकून घेतलें. चित्र कोणाकडे जावयाचें हें त्या बोलल्या नाहींत; तूर्त तें माजघराच्या आंतल्या भिंतीवर लावावयास सांगितलें. खिळा धरावयास मात्र दोन्ही सुना पुढें झाल्या.